पंखांचा खंडोबा

आमचे जुन्नरचे घरमालक रस्त्यानं येताना दिसले की बायका पदर गळ्यापर्यंत ओढून घेत. मी पोस्टमास्तर म्हणून बदलून नुकताच आलो होतो आणि त्यांच्याच माडीवरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं होतं, त्यामुळे हा प्रकार मला मुळीच आवडला नाही. पन्नाशी ओलांडलेला, कापडाचं दुकान चालवणारा, रोज सकाळी जैनांच्या देरासरात जाऊन कपाळी केशरी टिळा लावून येणारा माणूस, आणि बायकांच्या गळ्याकडे टक लावून पाहतो! मी कुटुंबाला बजावून ठेवलं की खाली विहिरीवर जाताना जरा जपून. तिनं मला वेड्यात काढलं. तोवर घरमालकीण शेटाणीबाईंशी तिची गट्टी जमली होती आणि खरी गोष्ट तिला माझ्या आधी कळली होती. शेटजी गळ्याकडे पाहत नसत, गळ्यातल्या पुतळ्यांकडे पाहत.

पुतळी म्हणजे माळेत ओवलेलं सोन्याचं नाणं. हल्ली सोनार ठशातून पुतळ्या काढून देतात, पण तेव्हा जुन्या घरांतल्या माळांत खरीखुरी नाणी असत. काही समुद्रापलीकडून आलेली, काही दक्षिणेतली, मध्येच एखादा जुना होन. शेटजींना असली नाणी गोळा करायचा नाद होता. त्यातही अट अशी की नाणं यंत्रातून निघालेलं नको, माणसानं हातोडा मारून पाडलेलं हवं. लग्नाच्या पंगतीत यजमान त्यांना बायकांपासून लांब, खांबाआड बसवत, त्यालाही कारण घडलं होतं. एकदा तूप वाढायला आलेल्या बाईला त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं, की बाई, डावीकडची तिसरी पुतळी जरा उलटी करून दाखवा. त्या घरच्यांनी पुढं वर्षभर त्यांच्या दुकानातून चिंधीसुद्धा घेतली नाही.

गिनीचा, म्हणजे यंत्रातून निघालेल्या इंग्रजी सोन्याच्या नाण्याचा, त्यांना मनापासून राग होता. कुणी गिऱ्हाइकानं कौतुकानं गिनी पुढं केली, तर ते ती दोन बोटांत धरून लगेच परत करत. म्हणत, "एका आईची लाख लेकरं, आन् एकाचं बी तोंड न्यारं न्हाई." आणि मग हमखास पुढचं वाक्य येई, "सोनं काय, पेठंत मिळतंय. हाताचा ठोका कुटं मिळतोय?"

हा ठोका ते वाचत असत. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुपारी दुकानात सामसूम झाली की शिसवी पेटी उघडून एकेक नाणं उजेडात धरत आणि ते पाडणाऱ्या, केव्हाच माती झालेल्या माणसाबद्दल मला सांगत. छाप एका बाजूला सरकलेला असला, तर ह्याचं त्या दिवशी घरी भांडण झालं होतं. दोनदा ठोका बसून अक्षरं दुहेरी उठली असली, तर शेजारी कुणीतरी गप्पा मारत होतं. एका होनाबद्दल त्यांचं ठाम मत होतं की पाडणारा उपाशी होता. मी थट्टा करायचा. ते रागावत नसत, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत.

गावातल्या सोनारांशी मात्र त्यांचं हाडवैर. सोनार नाणं कसोटीवर घासतो, म्हणजे ओरखडा. माळेत ओवायला वर कडी डाखतो, म्हणजे तर कायमची जखम. शिवाय मुशीत घालून वितळवतो. जुनं सोनं मोडायला आल्याची कुणकुण लागली की शेटजी गिऱ्हाइकाला तागा फाडून देता देता तसेच उठून सोनारआळीकडे धावत, आणि गिऱ्हाईक अर्धवट फाडलेलं कापड हातात धरून बसून राही. शेटाणीबाई आतून येऊन ते पुरतं फाडून देत.

शेटाणीबाईंच्या गळ्यातल्या माळेत मधोमध एक जागा रिकामी होती. माहेरून आलेल्या त्या माळेत एक जुना होन होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत शेटजींनी तो सोडवून घेतला आणि कडी काढून आणायला सोनाराकडे दिला. सोनारानं फुंकणी जरा जास्त धरली आणि होनावरचा सगळा छाप लोण्यासारखा वितळून बसला. शेटजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पुढं त्यांनी त्या जागी चांगली पुतळी बसवून द्यायला किती वेळा काढली, पण बाईंनी ऐकलं नाही. "तितं जागा ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या, आणि तीच माळ घालून प्रत्येक लग्नाला गेल्या. एकदा माझ्या बायकोला त्या हसत हसत म्हणाल्या होत्या, की मी मेले तर हे आधी माळ बघतील, मग तोंड. बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा तीही हसत होती, पण मला काही हसू आलं नाही.

शेटजी बाजारच्या दिवशी तट्टावर कापडाचे गठ्ठे लादून मंचरला जात आणि येता-जाता आंबेगावकडच्या गावांतून उधारीपाधारीची गिऱ्हाइकं करत. असेच एकदा चंपाषष्ठीला फेरीवरून आले आणि अंगावरची धूळ न झटकता माझ्या माडीवर चढले.

म्हणाले, "मास्तर, आज पंखांचा खंडोबा पाह्यला."

मी हसलो. खंडोबाला घोडा असतो, हातात तलवार असते, जवळ कुत्रा असतो. पंख कुठून आले? तर म्हणाले, महाळुंग्याला त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, एक म्हातारा शेतकरी. त्याच्या देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांमध्ये एक सोन्याचा टाक आहे. टाक म्हणजे पत्र्यावर ठसा उठवलेला घरचा देव. पण हा टाक काही सोनाराच्या हातचा नाही. कडेला गोल अक्षरं आहेत आणि ती आपली नव्हेत. मधे एक देव उभा आहे, खाली राक्षस आहे, देवानं त्याच्या तोंडात भाला खुपसलाय, आणि देवाच्या पाठीला पंख आहेत.

शेटजींकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. बंगल्यावरचा कुणी साहेब बदलून गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते नुसत्या चित्रांसाठी घेतलं होतं. इंग्लंडच्या राजांची नाणी होती त्यात. त्या संध्याकाळी त्यांनी ते माझ्यापुढं उघडलं आणि झराझरा पानं उलटून एका चित्रावर बोट ठेवलं. पंखवाला देवदूत, पायाखाली अजगरासारखा राक्षस, तोंडात भाला. मी वाचून अर्थ सांगितला. हे सोन्याचं नाणं इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या राजांचं, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं. टांकसाळीत यंत्र यायच्या आधीचं, हातोड्यानं पाडलेलं. बहुतेक नाणी पुढं वितळवली गेली, त्यामुळे आता खुद्द तिकडेही विरळा. शेटजींनी मला तो मजकूर पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा आनंद झालेला माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसा पाहिला नाही.

पुढच्याच सुट्टीला मला घेऊन ते महाळुंग्याला गेले. म्हाताऱ्याला सारं गाव बाबा म्हणे, मीही म्हणू लागलो. घरात बाबा, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि सून. लेकरू अजून झालं नव्हतं, त्याचा नवस त्याच देवाला बोललेला. बाबांनी आम्हाला देव्हाऱ्यापुढं बसवलं आणि लांबूनच देव दाखवला. घरच्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही अशी रीत होती. म्हणाले, की त्यांच्या खापरपणजानं वसईच्या लढाईतून हा देव आणला. फिरंग्याच्या घरात सापडला होता, तो त्यानं सोडवून घरी आणला. मी मुद्दाम विचारलं, बाबा, देवाचा घोडा कुठाय? तर म्हणाले, मणी दैत्याला मारायला देव खाली उतरलाय. पाठीला पंख कसे? ते पंख नव्हेत, भंडारा उधळलाय. बाबांनी देव उलटून दाखवला तेव्हा मागच्या बाजूला जहाज होतं, उभ्या डोलकाठीचं. बाबा म्हणाले, ती देवाची पालखी.

पिढ्यान् पिढ्या हळद लागून नाणं केशरी झालं होतं. देव म्हणून पूजलेलं, त्यामुळे कधी कुणी गळ्यात घातलं नाही, भोक पाडलं नाही, कडी डाखली नाही. शेटजी एकटक पाहत राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मला वाटतं, जवळून कड दिसावी म्हणून ते वाकले असावेत. बाबांना ते कसं कळणार? त्यांना भरून आलं. जैनाचा माणूस आपल्या खंडोबापुढं असा लोळण घेतो, हे त्यांनी त्याच दिवशी गावभर केलं.

शेटजींनी मग एक युक्ती योजली. ज्या सोनारांना ते शिव्या घालत त्यांतल्याच एकाकडून त्यांनी खंडोबाचा सोन्याचा टाक करून घेतला, चांगला घोड्यावर बसलेला, म्हाळसेसकट, त्या नाण्याहून किती तरी जड. विचार असा की, बाबांना म्हणायचं, हा घ्या आणि तो द्या. आम्ही गेलो, त्यांनी टाक पुढं ठेवला आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. शेटजींचा नवस फेडायचा राहिला होता, तो त्यांनी फेडला, असं ते समजले. नवा टाक जुन्याशेजारी बसला, सुनेनं दोघांना हळद वाहिली, आणि शेटजींच्या हातात खोबऱ्याचा प्रसाद आला. परतीच्या वाटेवर कळंब येईपर्यंत मी हसत होतो. शेटजी म्हणाले, निदान आज जवळून बघायला तरी मिळालं.

त्यानंतर किती वर्षं ते तिथं जात राहिले. चंपाषष्ठीला तर जायचेच, एरवीही सणासुदीला, फेरीच्या वाटेवर. जाताना भंडाऱ्याची पुडी आणि सुनेला एखादं लुगडं. देरासरात लोक कुजबुजत की शेटजींनी देव बदलला. त्यांनी कुणाचं तोंड धरलं नाही. खरं सांगितलं असतं तर महाळुंग्याचं दार बंद झालं असतं, हे एक. पण मला वाटतं तेवढंच नव्हतं. बाबांच्या ओसरीवर बसून ते तासन् तास पावसापाण्याच्या गोष्टी करत, बाबांच्या मुलाला बैल घेऊन देताना स्वतः बाजारात गेले, सुनेच्या लेकराचा नवस आपणच बोलल्यासारखे काळजी करत. त्या जाण्यायेण्यात नाणं किती होतं आणि बाबा किती होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग प्लेगानं पुन्हा डोकं वर काढलं. जुन्नर ओस पडलं, आम्ही सगळे माळावर झोपड्या घालून राहिलो. महाळुंग्यालाही तेच. तिथं बाबांचा मुलगा गेला आणि मागोमाग सून गेली. आम्हाला कळलं तेव्हा बाबाही तापानं पडले होते. त्यांच्या भावकीतला एक जण निरोप घेऊन आला की, बाबांनी शेटजींना बोलावलंय, देवाचं काम आहे. शेटाणीबाईंनी जाऊ नका म्हणून हात धरला नाही. माझी बायको मला अडवत होती, तरी मी गेलो.

रानातल्या झोपडीत बाबा घोंगडीवर पडले होते. उशाशी लाल फडक्यात बांधलेले देव. घर बंद पडलं, पुढं दिवा लावणारं कुणी उरलं नाही, की घरचे देव वाहत्या पाण्यात सोडायचे अशी आपल्याकडची रीत. भावकी जमीन घ्यायला तयार होती, प्लेगाच्या घरातले देव घ्यायला नव्हती. सोडायलासुद्धा कुणी हात लावेना.

"शेटजी," बाबा म्हणाले, "तुमच्यावानी भक्ती म्या घरच्या मानसांची बी पाह्यली न्हाई. तुमच्या हातनं देव पान्यात गेलं, की मी डोळं मिटाय मोकळा झालो."

शेटजी म्हणाले की, मी आंघोळ केलेली नाही. बाबा म्हणाले, "धरा. आता सोवळं कुनासाठी पाळायचं?"

इतकी वर्षं ज्याला बोट लावता आलं नव्हतं ते असं त्यांच्या ओंजळीत आलं. घोडनदीला पाणी बेताचं होतं. शेटजी गुडघाभर आत गेले, मी काठावर उभा राहिलो. त्यांनी फडकं सोडलं. भैरोबा गेला, देवी गेली, पूर्वजांचे टाक गेले. स्वतः करून दिलेला जडशीळ सोन्याचा खंडोबा तर त्यांनी न पाहताच सोडला. शेवटी ते नाणं राहिलं. ते त्यांनी कडेनं धरलं, उन्हात फिरवलं, अंगठा हळूच कडेवरून नेला. काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं ते एवढंच, की ठोका लई निवांत मारलाय. मग त्यांची मूठ पाण्यात गेली आणि तशीच मिटलेली वर आली. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

झोपडीत परतल्यावर बाबांनी विचारलं, "गेलं का देव?"

"गेलं."

"खंडोबा कसा गेला?"

शेटजी म्हणाले, "सरळ तळाला गेला. लांबवर चमकत व्हता."

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. आम्हाला वाटलं, आजची रात्र काही निघत नाही.

पण बाबा गेले नाहीत. त्यांचा ताप प्लेगाचा नव्हताच, साधा हिवताप होता. दिवाळीपर्यंत ते काठी टेकत चालू लागले, आणि त्यानंतर बरीच वर्षं जगले, त्या रिकाम्या घरात, भावकीतून येणाऱ्या भाकरीवर.

मंचरचा बाजार जवळ असताना ते कुणाच्या तरी गाडीत बसून जुन्नरला येत. सरळ शेटजींच्या दुकानात येऊन गादीच्या कडेला टेकत, पाणी पीत, आणि थोड्या वेळानं म्हणत, की शेटजी, देव कसा गेला ते सांगा बरं. शेटजी सांगत. मी दोन-तीनदा तिथं होतो. दर वेळी गोष्ट थोडी वाढलेली असे. ऊन कसं पडलं होतं, पाणी कसं बाजूला झालं, मासे कसे गोल फिरले. बाबा प्रत्येक शब्दाला मान हलवत. आत, माडीखालच्या खोलीत ती शिसवी पेटी होती आणि पेटीत ते नाणं होतं. असं पुन्हा पुन्हा सांगताना शेटजींच्या कपाळावर घाम येई. थंडीतसुद्धा येई.

एकदा बाबा म्हणाले, "घाई झाली शेटजी. म्या उठून बसलो, आन् देव मातुर पान्यात. सवय ग्येली न्हाई बगा. देवारा रिकामा हाय, तरी दिवा लावतुया."

त्या दिवशी शेटजींनी दुकान लवकर बंद केलं.

त्यांनी मला नाणं एकदाच दाखवलं. ते इतर नाण्यांत ठेवलेलं नव्हतं, वेगळ्या फडक्यात होतं. वरची हळद त्यांनी पुसली नव्हती. एरवी एवढी बडबड करणारे शेटजी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पाडणारा कोण, त्याच्या मनात काय होतं, काही नाही. मी हातात घेऊ का विचारलं, तर त्यांनी फडकं मिटून टाकलं. पेटी उघडणंही पुढं कमी होत गेलं. बायका समोरून आल्या तरी ते खाली मान घालून जात. जुन्या बायका एकमेकींना विचारू लागल्या की शेटजींना बरं नाही का? ज्या बायका पदर ओढून घेत त्याच हे विचारत, याचं मला फार वाईट वाटलं.

शेटाणीबाईंना सगळं ठाऊक होतं. माझ्यासमोरच त्या एकदा म्हणाल्या, "द्येऊन टाका."

"काय सांगून द्येऊ? पान्यातला देव वर आला म्हनून?"

"खरं सांगून."

शेटजी मग म्हणाले, "खरं सांगितलं, तर त्यो खंडोबा न्हाई, इंग्रजाचं नानं हाय, ह्ये बी सांगाय लागंल. एकदा बाबांचा देव चोरला. आता खरं सांगून परत चोरू?"

तरी शेटजी दोनदा नाणं बंडीच्या आतल्या खिशात घालून तट्टावर बसून निघाले होते. एकदा नारायणगावाहून परत आले, एकदा कळंबाहून.

मग मंचरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की बाबांनी अंथरूण धरलंय, अन्न सुटलंय. शेटजी दुकान तसंच टाकून मला पोस्टात बोलवायला आले. टांग्यात बसल्यावर म्हणाले, की आज काही सांगत बसणार नाही. नुसतं त्यांच्या हातात ठेवीन. त्यांना हाताला कळेल. मग त्यांनी मला शिवी द्यावी, जोडा मारावा, गावाला ओरडून सांगावं. वाटेत हे ते पुन्हा पुन्हा बोलत होते आणि मी नुसता हूं हूं करत होतो. नारायणगाव गेलं, कळंब गेलं, या वेळी त्यांनी टांगा फिरवायला सांगितला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाबांना अंगणात आणून ठेवलं होतं. पहाटेच गेले होते.

माणसं नुसती बसून होती. कुणाची तरी वाट पाहत आहेत असं वाटलं, तेव्हा विचारलं. प्रेताच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं, गंगेचं पाणी घातलं होतं, सोन्याचा कण तेवढा राहिला होता. बाबांच्या घरात सोनं उरलं नव्हतं आणि भावकीतली कुठलीही बाई आपल्या डोरल्याचा मणी तोडून द्यायला पुढं होत नव्हती. शेवटी एकाला मंचरला सोनाराकडे पाठवलं होतं, तो अजून परतला नव्हता. इकडे ऊन चढत होतं.

शेटजी पुढं झाले. बाबांच्या डोक्याशी बसले, बंडीच्या आतून फडकं काढलं आणि सोडलं. ते काय करणार हे मला कळलं आणि मी एक पाऊल पुढं टाकलंही, पण तिथंच थांबलो. चितेच्या जाळात त्या नाण्याचं काय होईल हे मी त्यांना काय सांगणार होतो?

भावकीतला एक म्हातारा वाकून बघत होता. तो म्हणाला, "शेटजी, येवढं कशापायी? गुंजभर बास व्हतं."

"त्यांचंच हाय," शेटजी म्हणाले.

ऐकणाऱ्यांना ते प्रेमाचं बोलणं वाटलं. शेटजींचं मन लई मोठं, असं कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा. शेटजींनी बाबांची हनुवटी एका हातानं धरली आणि नाणं आडवं करून आत, जिभेवर ठेवलं. ओठांना थोडी हळद लागली. ती त्यांनी पुसली नाही. मग ते ओक्साबोक्शी रडले. एवढा म्हातारा माणूस इतक्या मोठ्यानं रडताना पाहून बायाही रडू लागल्या, आणि मीही रडलो.

तिरडी उचलली तेव्हा शेटजींनी पुढचा खांदा धरला. नदी बरीच लांब, वाट चढउताराची. वाटेत भावकीतल्या पोरांनी खांदा बदलायला दोनदा हात पुढं केला, पण त्यांनी दिला नाही. घोडनदीच्या काठी तिरडी खाली टेकली तेव्हा त्यांच्या खांद्यावर बंडी फाटली होती आणि त्यांना हात वर उचलता येत नव्हता.